बेपत्ता आजी, हरवलेलं मूल, आजारी माणूस: थान्यात तक्रार आल्यापासून माणूस सापडेपर्यंत

इंदूरच्या कुठल्याही थान्यात (पोलीस ठाण्यात) माणूस हरवल्याची खबर गेली की ती 'गुम इन्सान' म्हणून रजिस्टरला चढते. रोजनामच्यात, म्हणजे थान्याच्या दैनंदिनीत, सान्हा (नोंद) पडतो, क्रमांक मिळतो, फोटो डकवला जातो. रजिस्टरचा नमुना सगळ्यांना एकच. घरी भांडून मित्राकडे जाऊन बसलेला ३० वर्षांचा धडधाकट माणूस आणि सुदामा नगरातून पहाटे चपला न घालता निघालेली, स्मृतिभ्रंश झालेली ७८ वर्षांची आजी एकाच रकान्यात बसतात. पहिला दोन दिवसांनी परतला तरी चालतं. दुसरीच्या बाबतीत दोन तासही फार होतात.

घोटाळा होतो तो इथेच. क्रमांक हातात पडला की घरच्यांना वाटतं, पोलीस शोधायला निघाले. ड्यूटीवरच्या हेड साहेबांना (हेड कॉन्स्टेबलना) वाटतं, आपलं काम झालं. प्रत्यक्षात कोणीच निघालेलं नसतं. पुढचं सगळं लिहिलं आहे ते तक्रार घेणाऱ्यासाठी, पण घरच्यांनीही वाचावं. काय विचारलं जायला हवं हे ठाऊक असलं तर कोणी न विचारताही ते सांगता येतं.

२४ तास थांबायचं नाही

"चोवीस तास थांबा, येतील" असं सांगणारं कलम आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. प्रौढ माणसाचं बेपत्ता होणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही, म्हणून त्याची गुम इन्सान नोंद होते, एफआयआर नाही. पण ती नोंद त्याच मिनिटाला करायची असते. अपहरण, डांबून ठेवणं, घातपात यांची शंका दिसली की एफआयआर.

१८ वर्षांखालच्या मुलांचं वेगळं. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरून एफआयआर नोंदवायचा. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७(२) खाली, अज्ञात आरोपीविरुद्ध होतो. मुलगी १७ वर्षं ११ महिन्यांची असली आणि "मर्जीनं गेली असेल हो" असं अख्खा मोहल्ला सांगत असला तरी एफआयआर होतो. वयाचा दाखला घरी राहिला म्हणून कोणाला परत पाठवायचं नाही; तो संध्याकाळी आणला तरी चालतो.

हद्दीचं भांडण तर तक्रारदारासमोर करूच नये. घर विजय नगरात, मूल राजवाड्यावर हरवलं आणि बाप धावत छोटी ग्वालटोली थान्यात शिरला, तर लिहून तिथेच घ्यायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नं झिरो एफआयआरला, म्हणजे हद्द कोणाचीही असली तरी नोंदवायच्या एफआयआरला, कायद्यातच जागा दिली आहे. त्याची प्रतही फुकट द्यायची आहे. प्रौढांच्या गुम इन्सान नोंदीलाही हाच शिरस्ता लावावा: आधी वायरलेसवर वर्णन सोडा, मग कागद ज्या थान्याचा त्याला पाठवा. तस्करी किंवा लैंगिक गुन्ह्याची खबर जाणूनबुजून नोंदवली नाही, तर न्याय संहितेच्या कलम १९९ खाली त्या अंमलदारालाच सहा महिने ते दोन वर्षं सश्रम कैद होऊ शकते.

आणखी एक. तक्रारदार स्वतः पुष्कळदा म्हातारा नवरा नाहीतर बायको असते. साठीच्या पुढचे पुरुष, सर्व स्त्रिया, अपंग आणि गंभीर आजारी यांना जबाबासाठी थान्यात बोलावता येत नाही, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. जबाब घ्यायला त्यांच्या घरी जायचं. नाहीतरी घर बघायचंच आहे.

पहिली पंधरा मिनिटं: फॉर्म नंतर, प्रश्न आधी

नाव, वल्द (वडिलांचं नाव), उंची, रंग हे रकाने भरत बसण्याआधी सात गोष्टी विचाराव्यात. त्यांची उत्तरं ठरवतात की गाडी आत्ता सोडायची की नाही.

१. शेवटचं प्रत्यक्ष कोणी पाहिलं, कुठे, किती वाजता? "नऊ वाजल्यापासून नाहीत" या उत्तरावर थांबू नका. नऊला लक्षात आलं, पाहिलं कधी? सहाला चहा दिला होता, असं निघालं तर घड्याळ सहापासून मोजायचं. हे तीन तास हिशेबातून सुटले की पुढचा सगळा शोध चुकीच्या वर्तुळात होतो.

२. एकट्यानं घरी परतता येतं का? पत्ता, फोन नंबर, स्वतःचं नाव सांगता येतं का?

३. औषध कोणतं, पुढचा डोस कधी? इन्सुलिन आणि फिट्सची गोळी चुकली तर माणूस काही तासांत रस्त्यात पडू शकतो. इन्सुलिन टोचून न जेवता निघाला असेल तर साखर उतरून तो दारू प्यायल्यासारखा अडखळतो, आणि लोक बाजूनं निघून जातात. हे वायरलेसच्या संदेशात आलंच पाहिजे.

४. यापूर्वी असं झालंय का? तेव्हा कुठे सापडले?

५. आज किंवा या आठवड्यात वेगळं काय घडलं? निकाल, कर्जवाल्याचा फोन, घर बदललं, जोडीदार गेला, गोळ्या बदलल्या, बाळंतपण झालं.

६. सोबत काय आहे आणि काय मागे राहिलं? फोन, पाकीट, चष्मा, काठी, कवळी. रोज लागणारा चष्मा घरीच राहिला असेल तर माणूस विचारपूर्वक निघालेला नाही, किंवा परत लागेल असं त्याला वाटलेलं नाही. दोन्ही अर्थ वाईट.

७. घरात कोणाची भीती होती का? हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारला तर उत्तर "छे छे" असंच येणार. एकेकाला बाजूला घेऊन, शेजारणीला वेगळं, मोठ्या मुलीला वेगळं विचारावं.

यातून जोखीम ठरते. लहान मूल, स्मृतिभ्रंश, मतिमंदत्व किंवा स्वमग्नता (ऑटिझम), तीव्र मानसिक आजार, आत्महत्येचं बोलणं किंवा चिठ्ठी, वेळेवर लागणारं औषध, नुकतीच बाळंत झालेली बाई, घरात मारहाण: यातलं एकही असलं तर टीआय साहेबांना (थाना प्रभारींना) लगेच फोन, कंट्रोल रूमला संदेश आणि किमान एक गस्तीची गाडी त्या भागात. "जोखीम जास्त नाही" असं ठरवलं, तर तेही कारणासकट, वेळ घालून, सही करून लिहावं. ते एक वाक्य लिहायला लागलं की माणूस दोनदा विचार करतो.

घाई कशासाठी, त्याचं गणित सरळ आहे. म्हातारा माणूस तासाला सुमारे तीन किलोमीटर चालतो. तासाभरात शोधायचं वर्तुळ साधारण २८ चौरस किलोमीटरचं होतं, दोन तासांत ११३. वेळ दुप्पट, जागा चौपट. सुदामा नगरातून दोन तासांत राजवाडा गाठता येतो, आणि तिथून पुढे सरवटे बसस्टँड अन् रेल्वे स्टेशन आहेच.

वर्णन: साडी म्हणजे कोणती साडी?

तक्रार मराठीत सांगितली जाते, हिंदीत लिहिली जाते आणि मधे माहिती गळते. "आईनं हिरवं नऊवारी नेसलंय" याचं रजिस्टरात "हरी साड़ी" होतं. इंदूरच्या रस्त्यावर हिरव्या साड्या हजार असतील. कासोटा घातलेलं नऊवारी क्वचित. ओळख पटवणारी खूण तीच होती आणि तीच गेली. तेच काळ्या टोपीचं, तेच गळ्यातल्या मंगळसूत्राच्या घडणीचं. लिहून झालं की नोंद मोठ्यानं वाचून दाखवावी, आणि घरच्यांनी ती ऐकल्याशिवाय सही करू नये.

फोटो लग्नातला नको. मागच्या सहा महिन्यांतला, चेहरा समोरून आणि एक पूर्ण उंचीचा. रोज चष्मा लावत असतील तर चष्म्यासह एक आणि चष्म्याविना एक. सोबत तिसरी गोष्ट: आज घातलेल्या चपलेसारखी दुसरी चप्पल, किंवा निदान तळव्याचा नंबर.

श्वानपथक बोलवायचं झालं तर अंगावरचा न धुतलेला कपडा लागतो. उशीचा अभ्रा उत्तम. तो घरच्यांनी हातानं उचलू नये. पिशवी उलटी करून हातमोज्यासारखी घालावी, त्यातच पकडावा आणि गाठ मारावी. शोकाकुल मुलगी तो अभ्रा छातीशी धरून बसली की त्याचा उपयोग संपला.

माहेरचं नाव विचारा

इंदूरच्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्या माणसांबाबत हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि कुठल्याच फॉर्मवर त्याला रकाना नाही.

स्मृतिभ्रंशात नवं आधी पुसतं, जुनं शेवटपर्यंत टिकतं. १५ वर्षांपूर्वी बांधलेलं सुदामा नगरातलं घर आजीच्या लेखी परकं असतं. तिचं घर म्हणजे रामबागेतला भाड्याचा वाडा. "घरी जाते" म्हणून ती निघते ती तिकडे. वाडा पडून तिथे तीन मजली इमारत उभी राहिली असेल, तरी ती त्याच ओट्याच्या जागी घुटमळते. गिरणीत नोकरी झालेले आजोबा पहाटे डबा मागतात आणि पाळीला निघतात. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली हे त्यांच्या पायांना माहीत नसतं.

म्हणून घरच्यांकडून आयुष्याची यादी घ्यावी: जन्मगाव, माहेर, लग्नानंतरची पहिली खोली, सगळी जुनी बिऱ्हाडं, कामाची जागा, रोजचं देऊळ, भाजी घ्यायची जागा, पूर्वी जाण्याचा रस्ता. या यादीतल्या प्रत्येक ठिकाणी एक माणूस पाठवावा आणि तो तिथे थांबावा. नजर टाकून परतला तर उपयोग नाही, कारण आजी अजून वाटेतच असेल.

आता नाव. जुन्या पिढीत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलत. आधारवर सासरचं नाव, पण हरवलेली आजी विचारल्यावर माहेरचं सांगते. एम.वाय.च्या (इंदूरच्या मोठ्या सरकारी इस्पितळाच्या) कॅज्युअल्टीत ती 'कुसुम' म्हणून नोंदली जाते आणि थाना 'सुशीला' शोधत राहतो. दोन्ही नावं, दोन्ही आडनावं, घरात हाक मारतात ते ताई-काकू-माई, सगळं लिहा.

भाषेचंही तसंच. आयुष्यभर छान हिंदी बोललेल्या माणसाची हिंदी आजारात पुष्कळदा मागे सरते आणि मराठीच उरते. गस्तीवरच्या शिपायाला वाटतं, महाराष्ट्रातून आलेली कोणी यात्रेकरू असेल, ओंकारेश्वर-उज्जैन करून चुकलेली; आणि तिला बसमध्ये बसवून देण्याचा चांगला हेतू भलत्याच गावी संपतो. मराठी बोलणारी वृद्ध व्यक्ती एकटी सापडली तर आधी इंदूरच्याच गुम इन्सान नोंदी बघाव्यात. बोलणं मराठी येणाऱ्याकडून करवावं; मोहल्ल्यात कोणी ना कोणी मिळतंच. "नाव काय, पत्ता काय" अशी सरबत्ती नको. "आजी, बसा. पाणी घ्या. कुठं निघालात?" एवढं पुरे. "घरी" असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न "घराजवळ देऊळ कोणतं?"

शोधताना एक लक्षात ठेवावं: असा माणूस हाक मारली तरी ओ देत नाही, मदतही मागत नाही. तो सरळ चालत जातो आणि अडला की अडलेल्या जागी राहतो: झुडपात, नाल्याच्या काठावर, बंद बांधकामात, दोन भिंतींमधल्या बोळात. रस्त्यावरून गाडी फिरवून तो दिसत नाही. उतरून, वाकून बघावं लागतं.

आधी घर, मग गल्ली

"घर बघितलंय आम्ही" हे घरच्यांचं म्हणणं आदरानं ऐकावं आणि घर पुन्हा बघावं. पोलिसानं स्वतः, प्रत्येक खोली. पलंगाखाली, माळ्यावर, कपाटात, गच्चीवर, जिन्याखाली, गाडीच्या डिकीत, शेजारच्या बंद घरात. इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून घरोघर जमिनीत हौद आहेत. त्याचं झाकण उचलून टॉर्च टाकून तळ बघायचा. झाकण नीट बसलेलं असलं तरी. लहान मुलं लपून तिथेच झोपी जातात, आणि अख्खी कॉलनी बाहेर त्यांना शोधत असते.

मग गल्ली. पहाटे जागी असणारी माणसं धरावीत: दूधवाला, पोहे-जलेबीच्या गाडीवाला, फिरायला जाणारे, पहारेकरी. नगर निगमच्या कचरा गाड्या रोज सकाळी ८५ वॉर्डांत दारोदार जातात, भोंगा लावूनच. त्यांच्या झोनच्या दरोगाला (सफाईच्या मुकादमाला) फोटो पाठवला तर तासाभरात जेवढे डोळे मिळतात तेवढे कुठलाही थाना देऊ शकत नाही. ही यंत्रणा आयती उभी आहे. फोन करायचं तेवढं सुचत नाही.

सीसीटीव्ही बघताना दोन चुका नेहमी होतात. पहिली, डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ चुकलेलं असतं. फुटेज बघण्याआधी पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ शेजारी धरून फोटो काढा आणि फरक लिहा; १७ मिनिटं पुढे असलेलं घड्याळ माणसाची दिशाच उलटी दाखवू शकतं. दुसरी, सगळे कॅमेरे बघायला बसणं. घरातून निघणाऱ्या प्रत्येक वाटेवरचा पहिला कॅमेरा बघा, दिशा ठरवा, मग पुढच्या चौकातला. जुनं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून पहिल्याच दिवशी पेनड्राइव्हवर घ्यावं. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, तेही दुकानदाराकडून तेव्हाच भरून घ्यावं.

फोन सोबत असेल तर नातेवाइकांना सांगा: ४० जणांनी ४० वेळा लावू नका, बॅटरी संपते. एकाच नंबरवरून, अर्ध्या तासानं. दरम्यान थान्यानं टॉवर लोकेशन मागवावं. फोन बंद लागला तरी शेवटचा टॉवर कळतो. घरच्यांकडे गुगल खात्याचा पासवर्ड असेल तर फोन कुठे आहे ते त्यांच्याच मोबाइलवर दिसतं. यूपीआयनं चहाचे १० रुपये दिलेले दिसले तर तेही ठिकाणच आहे.

स्टेशन, बसस्टँड, इस्पितळ

जीआरपी आणि आरपीएफला (रेल्वे पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दलाला) फोटो पहिल्या अर्ध्या तासात जावा. मराठी वृद्ध बहुधा पुणे-मुंबईच्या गाडीत सापडतात, कारण मुलगा तिकडे असतो. गाडी सुटून गेली असेल तर देवास आणि उज्जैनला कळवा, डबे तिथे बघता येतात. रेल्वेची हेल्पलाइन १३९. सरवटे आणि गंगवाल या दोन्ही बसस्टँडवर बुकिंग खिडकीपेक्षा कंडक्टरांना विचारलेलं बरं.

इस्पितळात फोनवर नाव विचारून भागत नाही. एम.वाय.च्या कॅज्युअल्टीत जाऊन 'अज्ञात' नोंदी वाचाव्या लागतात, आणि वॉर्डात जाऊन चेहरा बघावा लागतो. अंदाजे वय दहा-पंधरा वर्षांनी चुकलेलं असतं. बाणगंगेचं मानसिक रुग्णालय, रैन बसेरे (रात्रनिवारे) आणि संकटातल्या महिलांसाठीचं वन स्टॉप सेंटर यांनाही विचारावं. मर्ग (अकस्मात मृत्यूच्या) नोंदी बघाव्याच लागतात. घरच्यांना न सांगता आधी आपण बघून घ्याव्यात.

काही वेगळी प्रकरणं

स्वमग्न मूल हरवलं तर पहिली धाव पाण्याकडे. अशा मुलांना पाण्याची ओढ असते आणि धोका कळत नाही. हरवलेल्या स्वमग्न मुलांचे मृत्यू सर्वाधिक बुडून होतात. विहीर, बावडी, कान्ह नदीचा काठ, पिपल्यापाला, सिरपूर, बिलावली ही तळी, जे जवळ असेल तिथे माणूस उभा करा आणि मगच इतरत्र शोधा. सायरन लावू नये, घोळका करून धावू नये; मूल आणखी पळतं किंवा दडतं. त्याला कशाचं वेड आहे ते आईला विचारा. आगगाडी, लिफ्ट, ठरावीक गाणं. कधी कधी ते गाणं मोबाइलवर लावल्यावर मूल आपणहून बाहेर येतं.

आत्महत्येची शंका असेल तर चिठ्ठीचा पंचनामा करत थान्यात वेळ दवडू नये. फोटो काढून गाडी सोडावी. संपर्क झालाच तर "घरी चल, सगळे रडतायत" म्हणू नये. "कुठे आहेस, बसला आहेस का, काही खाल्लंस का" असं बोलत राहावं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, तो घरच्यांसाठीही आहे.

घरातल्या मारहाणीमुळे निघालेली बाई हा सगळ्यांत नाजूक प्रकार. तक्रार करणारा नवराच तिला मारणारा असू शकतो. प्रौढ व्यक्ती स्वतःच्या मर्जीनं निघाली असेल तर ती कुठे आहे हे तिच्या परवानगीशिवाय कोणालाही सांगायचं नाही. "सुखरूप आहेत, संपर्क ठेवायची त्यांची इच्छा नाही" एवढंच सांगून नोंद बंद करता येते. पण ती सुखरूप आहे हे महिला अंमलदारानं समोर बसून, एकटीला भेटून बघितलं पाहिजे. फोनवरचं "मी ठीक आहे" कोणाच्या धाकानं म्हटलेलं आहे, ते आवाजावरून कळत नाही.

व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी

फोटो, कपडे, शेवटची जागा, वेळ आणि थान्याचा नंबर. घरच्यांचा मोबाइल नंबर टाकू नका. तो टाकला की रात्री फोन येतो, "तुमचे वडील आमच्याकडे आहेत, पाच हजार पाठवा." घाबरलेला माणूस पाठवतो. एक खूण मुद्दाम लपवून ठेवावी, डाव्या दंडावरचा जुना व्रण, कानामागचा तीळ. फोन करणाऱ्याला तीच विचारायची. अंगावरचं सोनं आणि आजाराचं नाव जाहिरातीत नको. 'बोलताना गोंधळतात' पुरेसं आहे. मूल सापडलं की फोटो सगळीकडून काढायला लावा.

घरच्यांशी बोलायला थान्यातून एकच अंमलदार, एकच नंबर, आणि दिवसातून दोन ठरलेल्या वेळा. सांगण्यासारखं काही नसलं तरी फोन करायचा. तो न केल्यामुळेच १५ नातेवाईक थान्याच्या दारात उभे राहतात.

नाही सापडलं तर

दोन तास, सहा तास, २४ तास, तीन दिवस, आठवडा. या टप्प्यांवर तपास न करणाऱ्या वरिष्ठानं डायरी वाचावी आणि एकच विचारावं: काय बघायचं राहिलं? सहा तासांनी पहिली समजूत बदलायची तयारी हवी. "मुलीचं प्रेमप्रकरण आहे" असं पहिल्या तासात ठरलं की पुढे कोणी हौद बघत नाही.

मूल असेल तर हरवलेल्या मुलांसाठीच्या सरकारी मिशन वात्सल्य पोर्टलवर नोंद, आणि चार महिन्यांत सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे. आई-वडिलांचे डीएनए नमुने लवकर घ्यावेत. हरवलेल्या माणसाचा टूथब्रश, कंगवा घरच्यांनी धुऊन टाकू नये.

थाना हलतच नसेल तर घरच्यांनी झोनच्या डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना) लेखी द्यावं, पोच घ्यावी. मंगळवारची जनसुनवाई (अधिकाऱ्यांपुढे तक्रार मांडायची बैठक) आहे, १८१ ची सीएम हेल्पलाइन आहे. एफआयआर नाकारला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांकडे आणि नंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. कोणी डांबून ठेवल्याचा आधार असेल तर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे डांबलेल्याला न्यायालयापुढे हजर करवण्याची, याचिका.

सापडल्यावर, आणि उलट बाजूनं

दस्तयाबी (माणूस सापडल्याचा) पंचनामा म्हणजे शेवट नव्हे. आधी डॉक्टर: पाणी कमी झालेलं असतं, पाय सोललेले असतात, पडल्याचं म्हातारा माणूस सांगत नाही. मुलाला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं; ते घरातूनच पळालं असेल तर का पळालं हे कळल्याखेरीज सरळ घरी सोपवायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोणीतरी शांतपणे विचारावं, कुठे गेला होता, कोण भेटलं. ते डायरीत राहावं; पुढच्या वेळी शोध तिथूनच सुरू करता येतो.

कधी खटलं उलटं असतं: माणूस सापडलाय, घर हरवलंय. मानसिक आजार असलेला, भटकणारा माणूस दिसला तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम १०० नुसार त्याला २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही. आणि अशा माणसाची बेपत्ता म्हणून एफआयआर नोंदवून त्याचं घर शोधण्याची जबाबदारी थाना प्रभारीवर आहे. हे कलम पुष्कळांना माहीतच नसतं. आधार केंद्रात नव्यानं नोंदणी करून बघितली तर जुन्या ठशांशी जुळून अर्ज फेटाळला जातो. त्या धाग्यानं काहींची घरं सापडली आहेत.

आधीच भरून ठेवायचा कागद

इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या पोलिसांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी एक फॉर्म सुरू केला. नॉर्मंडीच्या लढाईतले सैनिक जॉर्ज हर्बर्ट हे अशाच आजारात आपलं बालपणीचं घर शोधायला निघाले आणि त्यातच गेले. फॉर्मला त्यांचंच नाव आहे. माणूस हरवायच्या आधी घरच्यांनी तो भरून ठेवायचा.

आपल्याकडे यासाठी कोणाच्या परवानगीची वाट बघायला नको. साध्या कागदावर दोन्ही नावं, जुनी बिऱ्हाडं, औषधं, लपवून ठेवायची खूण, बोलते ती भाषा, कशानं शांत होते ते, मागे फोटो. एक प्रत फ्रिजवर, एक मोबाइलमध्ये, एक बीटच्या शिपायाकडे. कपड्याच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवून टाका. गळ्यातलं कार्ड आजी काढून ठेवते, परकराच्या नाडीपाशी शिवलेलं तिच्या लक्षात येत नाही. फोटो दर दिवाळीला बदलायचा, मागे तारीख घालून.